तापलेल्या इंजिनाचें निदान

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकीं एका पत्राला या खेपेस सविस्तर उत्तर देण्याचें आम्हीं योजिलें आहे. पत्रलेखक पुण्यांतील एका एकत्र कुटुंबांतील वडील बंधु आहेत. त्यांच्या तीर्थरूपांनीं १९९६ सालीं घेतलेली मारुती ८०० गाडी त्यांच्या घरीं आहे. तीर्थरूप आतां हयात नाहींत, गाडी मात्र आहे. ती तेल खाऊं लागली आणि निळा धूर सोडूं लागली, म्हणून गेल्या हिंवाळ्यांत तिचें इंजिन उघडून बांधून घेतलें. सिलिंडर बोअर झाले, पिस्टन व रिंगा नव्या पडल्या, हेड तासून घेतलें. एकंदर खर्च तीस हजारांच्या वर गेला. धूर थांबला. परंतु पंधरा दिवसांच्या आंत गाडी तापूं लागली. लक्ष्मी रस्त्यावर गर्दींत अडकली कीं कांटा वर चढावयाचा, मोकळ्या रस्त्याला लागली कीं खालीं यावयाचा. कारखानदारानें थर्मोस्टॅट काढून टाकला आणि पंखा 'डायरेक्ट' करून दिला. त्यानंतर वाईस जातांना खंबाटकीच्या घाटांत पाणी उकळून बाहेर आलें, आणि वृद्ध मातोश्री बरोबर असतांना मंडळींना भर दुपारीं दीड तास रस्त्याच्या कडेला थांबावें लागलें. आतां कारखानदार म्हणतो, हेड पुन्हा उघडलें पाहिजे. धाकटे बंधु म्हणतात, गाडी भंगारांत द्यावी. आणि पत्रलेखक आम्हांस विचारतात, कीं कोणाचें ऐकावें.

आमचें उत्तर असें, कीं तूर्त कोणाचेंच ऐकूं नये. ताप कशाचा आहे हें अद्याप कोणींच पाहिलेलें नाहीं. आयुर्वेदांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. त्यांपैकीं उपशय म्हणजे रोग्यास कशानें आराम वाटतो व कशानें त्रास वाढतो, हें पाहून रोग निश्चित करणें. मोटारीच्या तापांत या साधनाइतकें स्वस्त साधन दुसरें नाहीं; त्याला पान्हा लागत नाहीं कीं पैसा लागत नाहीं. पत्रलेखकांनीं नकळत तें आमच्या हातीं दिलें आहे, तें कसें हें पुढें येईल.

प्रथम इंजिन थंड कसें राहतें हें पाहूं. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळ मानानें एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी भाग चाकांना मिळतो. जवळजवळ तेवढाच भाग धुराड्यावाटे जातो, आणि उरलेला सिलिंडरभोंवतीं फिरणाऱ्या पाण्यानें वाहून नेला पाहिजे. हें पाणी पंप फिरवितो, तें रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून खालीं येतें, आणि नळ्यांच्या मधून जाणारी हवा त्याची उष्णता हरण करिते. गाडी वेगांत असली म्हणजे ही हवा आपोआप मिळते; गाडी उभी असली म्हणजे पंख्यानें ओढावी लागते. विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रज्ञानें १९०१ च्या मर्सिडीज गाडीसाठीं मधमाशांच्या पोळ्यासारखा जो रेडिएटर केला, त्यांत ८०७० बारीक नळ्या होत्या असें नमूद आहे. थोड्या पाण्याला पुष्कळ पृष्ठभाग द्यावयाचा, हें त्यांतलें तत्त्व आजच्या रेडिएटरांतही तेंच आहे. फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडींत, आरंभींच्या थोड्या गाड्या वगळल्यास, पंप देखील नव्हता. तापलेलें पाणी हलकें होऊन वर जावयाचें व थंड पाणी खालून यावयाचें, एवढ्यावर ती चालली.

आतां पाण्याच्या वाटेवर बसलेला द्वारपाल म्हणजे थर्मोस्टॅट. त्याच्या पोटांत मेण असतें. इंजिन थंड असतांना तो रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवितो, म्हणजे इंजिन लवकर ऊब धरतें. पुष्कळ गाड्यांत ८२ ते ८८ अंशांच्या सुमारास मेण वितळून फुगतें आणि वाट उघडते. पंखा त्याच्याही नंतर, ९० च्या पुढें कांहीं अंशांवर सुरू होतो. यावरून वाचकांच्या लक्षांत येईल, कीं कांटा मध्यावर असणें हा ताप नव्हे. ती इंजिनाची प्रकृतीच आहे.

रेडिएटरच्या टोपणाविषयीं आमच्या वाचक भगिनींना निराळें सांगावयास नको. प्रेशर कुकरची शिटी जें काम करिते तेंच तें करितें. पुण्याच्या उंचीवर उघड्या भांड्यांतलें पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतें, महाबळेश्वरीं ९५ च्या सुमारास. टोपणानें दाब धरला आणि पाण्यांत निम्मे कूलंट असलें, तर तेंच मिश्रण १२० अंशांवर देखील उकळत नाहीं. उलट टोपणाचें रबर फाटलें असेल, तर बाकीचें सर्व नवें असूनही घाटांत पाणी बाहेर येईल. कुकरचें रबर खराब झालें असतां आपण कुकर भंगारांत देत नाहीं. टोपण बदलावयास फार थोडा खर्च येतो, आणि इंजिन बांधतांना नेमकें तेंच जुनें ठेविलें जातें.

हें समजल्यावर उपशयाकडे वळूं. गाडी गर्दींत तापते व मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पाण्याचा प्रवाह बहुधा ठीक आहे. हवा कमी पडते, म्हणजे दोष पंख्याच्या बाजूला शोधावा. ती उभी असतांना ठीक राहते आणि वेगांत किंवा चढावर तापते, तर हवा आहे पण पाणी पुरेसें फिरत नाहीं, किंवा उष्णताच अधिक निर्माण होत आहे. रेडिएटर चोंदलेला, पंपाचें पातें आंसावर सैल, खालची रबरी नळी ओढीनें चपटी होणारी, इग्निशनचें टायमिंग मागें पडलेलें, मिश्रणांत पेट्रोल कमी, किंवा ब्रेक चिकटून राहिलेले, हीं सर्व त्या बाजूचीं कारणें. आणि गाडी सुरू करून चार मिनिटें झालीं नाहींत तोंच वरची नळी दगडासारखी कडक झाली, रेडिएटरांत बुडबुडे सतत येऊं लागले, तर सिलिंडरांतला जळका वायु पाण्यांत शिरतो आहे, अर्थात् हेड गॅस्केट गेलें आहे, अशी शंका घ्यावी.

पत्रलेखकांच्या गाडीचें पहिलें गाऱ्हाणें पहिल्या वर्गांत पडतें, हें उघड आहे. मग हेड उघडण्याची भाषा कोठून आली? घाटांत पाणी उकळलें, म्हणून. परंतु घाटांतला प्रकार पंखा 'डायरेक्ट' केल्यानंतरचा व थर्मोस्टॅट काढल्यानंतरचा आहे. त्यापूर्वीं तोच घाट ती गाडी चढली होती कीं नाहीं, हें पत्रांत नव्हतें. आम्हीं उलट टपालीं विचारलें. उत्तर आलें, कीं इंजिन बांधल्यावर आठच दिवसांनीं गाडी वाईस जाऊन आली होती, आणि तेव्हां घाटांत कांटा मध्यावरून हलला नव्हता. नैयायिक ज्याला अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात त्याचें याहून चांगलें उदाहरण वर्गांत देखील सांपडत नसे. इंजिन तेंच, घाट तोच, बदलल्या त्या दोनच गोष्टी.

त्यानंतर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला, जो आज मोटारदुरुस्तीचाच धंदा करितो, आम्हीं ती गाडी पाहावयास सांगितलें व स्वतः बरोबर गेलों. त्यानें काय केलें तें क्रमानें सांगतों, कारण यांतील पुष्कळशा परीक्षा घरच्या मंडळींना करतां येण्याजोग्या आहेत.

इंजिन रात्रभर थंड झालेलें होतें. त्यानें प्रथम तेलाची कांडी ओढून पाहिली. तेलांत पाणी मिसळलें असतें तर तें दुधाच्या चहासारखें दिसलें असतें. तें तसें नव्हतें. मग टोपण काढून पाण्याची पातळी पाहिली. ती बोटभर खालीं होती. इंजिन सुरू करून सतत बुडबुडे येतात का हें पाहिलें, धुराड्याला पांढरा, गोडसर वासाचा धूर आहे का हें पाहिलें. शेवटीं रेडिएटरच्या तोंडावर एक कांचेची नळी धरून, आंतली हवा निळ्या द्रवांतून ओढून घेतली. पाण्यांत जळका वायु असला तर हा द्रव पिवळा होतो. तो निळाच राहिला. "गुरुजी, हेड उघडायचं काही कारण नाही. इंजिन चांगलं बांधलंय," तो म्हणाला. पत्रलेखकांचे धाकटे बंधु शेजारीं उभे होते. त्यांनीं तीच परीक्षा पुन्हा एकदां करावयास सांगितली, आणि ती त्यानें न कुरकुरतां केली. तीस हजार खर्चून फसल्याचा ज्यांना संशय आहे, त्यांना एवढा अधिकार असावा.

मग पंखा. तो अखंड फिरत होता, आवाजही दणदणीत होता. आमच्या विद्यार्थ्यानें वर्तमानपत्राचा एक चिटोरा घेऊन तो गाडीच्या तोंडाशीं, रेडिएटरच्या पुढच्या अंगाला धरला. पंखा रेडिएटरच्या मागें बसविलेला असतो व त्यानें हवा पुढून आंत ओढावयाची असते. म्हणजे चिटोरा जाळीला चिकटला पाहिजे. तो उडून परत हातावर आला. पंखा उलटा फिरत होता! 'डायरेक्ट' करतांना दोन तारांची अदलाबदल झाली होती, आणि विजेच्या या लहान मोटारीला तेवढ्यानें दिशा बदलतां येते. गाडी पुढें जाऊं लागली कीं वाऱ्याला पंखा आडवा येई. घाटांत दुसऱ्या गियरमध्यें वेग कमी, इंजिनाचे फेरे अधिक, मागून वारा आणि पुढून हवा ढकलून देणारा पंखा. पाणी उकळलें यांत नवल नाहीं. जी वस्तु आवाज करिते ती काम करितेच असें धरून चालण्याची संवय माणसांच्या बाबतींतही आपल्याकडे आहे. असो.

राहिला मूळचा प्रश्न: पंखा प्रथम आपण होऊन कां लागत नव्हता? यासाठीं त्यानें पूर्वीचीच तारांची रचना पुन्हा केली, फ्यूज पाहिला, रिले काढून तिच्या जागीं त्याच नमुन्याची दुसरी बसवून पाहिली, आणि पंख्याच्या स्विचाचीं दोन टोकें क्षणभर जोडलीं. पंखा लागला, व या खेपेस चिटोरा जाळीला चिकटला. म्हणजे मोटार, तारा, रिले सर्व निर्दोष. स्विचाला उष्णताच पोंचत नसली पाहिजे. इंजिन बांधल्यानंतर हा प्रकार वारंवार होतो. सर्व पाणी काढलेलें असतें, नवें भरतांना घाई होते, आणि उंच कोपऱ्यांत हवा अडकून राहते. स्विच पाण्यांत बुडालेला असला तरच त्याला खरें तापमान कळतें. तो हवेच्या पोकळींत असला तर शेजारचें हेड भाजत असतांही तो स्वस्थ असतो. कांट्याचा सेन्सर जुन्या गाड्यांत बहुधा निराळा असतो, म्हणून कांटा वर आणि पंखा गप्प, असें चमत्कारिक दृश्य दिसतें.

यावर उपाय म्हणजे हवा काढणें. त्यानें गाडीचें तोंड थोड्या चढावर घेतलें, हीटर पूर्ण उष्ण बाजूस फिरविला, टोपण उघडें ठेवून मिश्रण हळूहळू ओतलें, इंजिन मंद चालू ठेवून वरची नळी हातानें दाबीत राहिला. दर दाबाबरोबर बुडबुडे येत व पातळी खालीं जाई. जवळजवळ पाऊण लिटर मिश्रण आंत मावलें. ज्या गाडीला हवा काढण्याचा स्क्रू दिलेला असतो, तिच्यांत हें काम अधिक सोपें जातें. बुडबुडे थांबल्यावर टोपण लावलें, आणि आम्ही सर्व पंख्याची वाट पाहत बसलों. तो आपला आपण लागला, दोन मिनिटांनीं थांबला, पुन्हा लागला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं थंड इंजिनांत पातळी पुन्हा पाहण्यास त्यानें बजावलें. ती किंचित् उतरली होती, ती भरली.

थर्मोस्टॅट नवा बसविण्यापूर्वीं त्याची परीक्षा त्यानें घरच्या रीतीनें केली. एका पातेल्यांत पाणी घेऊन त्यांत तो दोऱ्यानें टांगला, तळाला टेकूं दिला नाहीं, शेजारीं थर्मामीटर सोडला व पाणी तापविलें. त्याच्यावर जो अंक ठोकलेला होता, त्याच्या जवळपास तो उघडूं लागला. (तें पातेलें पुन्हा स्वयंपाकाला वापरूं नये.) आपल्याकडे उष्ण हवा असल्यामुळें थर्मोस्टॅटची गरजच नाहीं, असें म्हणणारे कारीगर पुष्कळ भेटतात. आम्हांस हें मत मुळींच पटत नाहीं. तो काढला म्हणजे इंजिन सकाळीं फार वेळ थंड राहतें, पेट्रोल अधिक जातें, तेलांत गाळ धरतो. आणि कांहीं इंजिनांत तर थर्मोस्टॅटच्या अभावीं बरेंचसें पाणी रेडिएटरला वळसा घालून आडवाटेनेंच परत फिरतें व ताप वाढतो. पंखा 'डायरेक्ट' करण्याचेंही तसेंच. प्रवासांत अडचणीच्या वेळीं घरीं पोंचण्यापुरता तो उपाय क्षम्य आहे, पण ती दुरुस्ती नव्हे.

याच वर्गांतले आणखी दोन दोष इंजिन बांधल्यावर आढळतात. पहिला, इंजिनापासून गाडीच्या अंगाला जाणारी अर्थची तार परत जोडावयाची राहून जाते, किंवा रंगावर, गंजावर तशीच आंवळली जाते. ज्या सेन्सराला एकच तार असते, त्याच्या आट्यांवर पाणी गळूं नये म्हणून टेप जाड गुंडाळली, तरी तोच परिणाम होऊन कांटा खोटें बोलूं लागतो. दुसरा, पंख्याभोंवतीचें कडें, ज्याला श्राउड म्हणतात, तें 'निरुपयोगी पत्रा' म्हणून बाजूस पडतें. त्याशिवाय पंखा मागचीच तापलेली हवा कडेनें पुन्हा पुढें ओढतो. ॲम्बॅसेडरसारख्या जुन्या गाड्यांत पंखा पट्ट्यावर चालतो, तेथें पट्ट्याचा ताण पाहिला कीं बरेंच काम झालें. नव्या गाड्यांत पंखा संगणकाच्या आज्ञेनें चालतो आणि कांटाही पुष्कळ ठिकाणीं नाहींसा होऊन नुसता लाल दिवा उरला आहे. त्यांच्याकरितां पाण्याचें तापमान अंकांत दाखविणारें लहानसें यंत्र डॅशबोर्डाखालच्या सॉकेटांत लावतां येतें. तारांची टोकें जोडून पाहण्याचा प्रयोग मात्र अशा गाड्यांत घरीं करूं नये.

वाटेंत कांटा तांबड्याकडे चढूं लागला तर एअरकंडिशनर बंद करावा, हीटर असल्यास पूर्ण चालू करावा (मंडळी घामाघूम होतील, पण तोही एक लहान रेडिएटरच आहे), आणि सुरक्षित जागा पाहून थांबावें. टोपणाला अर्धा पाऊण तास हात लावूं नये. दाब सुटतांच उकळतें पाणी तोंडावर येतें आणि त्यानें भाजलेलीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. तापल्या इंजिनावर किंवा इंजिनांत थंड पाणी ओतणें म्हणजे हेडला तडा जाण्यास आमंत्रण देणें. विजेचा पंखा इंजिन बंद असतांही एकाएकीं लागूं शकतो, तेव्हां वांकून पाहणाऱ्यांनीं पदर, ओढणी व मुलांचे हात सांभाळावेत.

पत्रलेखकांची गाडी गेल्या पंधरवड्यांत दोनदां घाट चढून आली, असें त्यांचें कार्ड आहे. धाकट्या बंधूंचें म्हणणें आम्हीं त्याज्य ठरवीत नाहीं. तो द्रव पिवळा झाला असता, हेड वांकडें निघालें असतें, तर या वयाच्या गाडीवर पुन्हा तेवढाच खर्च करूं नये असाच सल्ला आम्हीं वडील बंधूंस दिला असता, आणि तीर्थरूपांच्या आठवणीसाठीं गाडीचा एखादा फोटो पुरे म्हटलें असतें. प्रश्न तेथपर्यंत गेला नाहीं. मातोश्री दुसऱ्या खेपेस बरोबर गेल्या होत्या.

त्यांच्या पत्रांत कूलंटविषयींही एक प्रश्न आहे. बाजारांत तें हिरवें, तांबडें, निळें मिळतें. रंगावरून जात ठरवूं नये, गाडीच्या पुस्तकांत सांगितलेलें घ्यावें व दोन जाती मिसळूं नयेत. तयार मिश्रण नसेल तर तें निम्में व ऊर्ध्वपातित पाणी निम्में घालावें. बोअरच्या जड पाण्याचा क्षार नळ्यांत बसतो. त्यांतील एथिलिन ग्लायकॉल हें चवीला गोड परंतु जहाल विष आहे. काढलेलें जुनें कूलंट अंगणांत किंवा मोरींत ओतूं नये, कुत्र्यामांजरांच्या पुढें उघडें ठेवूं नये, आणि उरलेलें सरबताच्या बाटलींत तर कदापि भरूं नये. मूळच्याच डब्यांत, चिठ्ठी लावून, मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा फळीवर कुलुपांत ठेवावें.